चौकोनाचा खरा आधार, कर्ण

ठाकुर्ली स्थानकात मान वर केली, की चौकोनाचे दोन स्वभाव एकाच वेळी दिसतात. विजेच्या तारा तोलणाऱ्या लोखंडी कमानींना तिरक्या पट्ट्यांची जाळी असते, म्हणून त्या हलत नाहीत. गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ मात्र बिजागऱ्यांवर वर-खाली होतो. १९२९ मध्ये ठाकुर्लीचं वीजकेंद्र रेल्वेसाठी उभं राहिलं, त्या काळच्या इंजिनांवरचा पेंटोग्राफ बाजूने जवळपास समभुज चौकोनासारखा दिसे. तारेची उंची बदलली की तो ताणला किंवा दबला जाई. दांड्यांची लांबी मात्र तीच राही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण पक्का होतो, चार बाजू ठरूनही चौकोन पक्का होत नाही. म्हणून चौकोनाची ओळख बाजूंपासून नव्हे, कर्णापासून करून द्यावी, असं मला ठामपणे वाटतं. दहा-दहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्यांच्या चौरसाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. तोच दाबून एक कोन ३० अंशांचा केला, की ते ५० वर येतं. एक कर्ण ठोकला, तर दोन त्रिकोण होतात आणि हालचाल थांबते.

यावर आक्षेप येईल, की ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्येच नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र दिलं होतं. ते सूत्र सुंदर आहे, पण चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतील तरच अचूक ठरतं. आपल्या पट्ट्यांना ते लावलं तर उत्तर दरवेळी १०० येईल, चौकोन कितीही दाबलेला असो! चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं घराणं जोडलेलं आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त हेच बजावलं: कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही त्यांनी कडक शब्दांत फटकारलं आहे.

मुलांना बाजू मोजणं सोपं जातं, कर्ण दिसतही नाही, हे म्हणणं खरं आहे. पण दोन काड्या आडव्या-उभ्या ठेवून टोकं दोऱ्याने जोडायला काय अवघड आहे? काड्या एकमेकींना मध्यावर छेदत असतील तर समांतरभुज चौकोन. शिवाय सारख्या लांबीच्या असतील तर आयत, काटकोनात असतील तर समभुज चौकोन. दोन्ही अटी जुळल्या की चौरस. चौरस हा आयतही का आणि समभुज चौकोनही का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. आता काटकोन तसाच ठेवून आडवी काडी मध्यावरून उचलून थोडी वर सरकवा: दोऱ्याचा पतंग होतो.