पर्णचित्राची रचना आणि तिची समीक्षा

पानाच्या निकट-छायाचित्राविषयी ‘सुंदर’ एवढाच अभिप्राय पुष्कळदा दिला जातो. पान मुळातच सुंदर असल्यामुळे तो अभिप्राय पानाविषयी आहे की चित्राविषयी, याचा उलगडा होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे करणे हाच समीक्षेचा खरा आरंभ होय.

निकट-चित्रणात प्रथम लोपते ती आकारमानाची जाणीव. फांदी व आकाश चौकटीबाहेर गेले की वीतभर पान आणि बोटभर पान यांतील भेद उरत नाही. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३१ साली टिपलेले कोबीचे पान प्रथमदर्शनी चुण्या पडलेल्या वस्त्रासारखे भासते. परंतु त्या चुण्या शिरांच्या ओघातूनच निर्माण झाल्या असल्यामुळे हे साम्य वरून लादलेले वाटत नाही.

बर्लिन येथील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांनी विद्यार्थ्यांना वनस्पतींची घडण दाखविण्यासाठी अशी चित्रे घेतली. १९२८ साली ‘कलेची मूलरूपे’ या अर्थाच्या जर्मन शीर्षकाखाली त्यांतील १२० चित्रे प्रसिद्ध झाली. साधी पार्श्वभूमी आणि सौम्य प्रकाश यांमुळे नेच्याची गुंडाळलेली कोवळी पाने त्यांत घडीव लोखंडासारखी दिसतात. इष्ट आकृती स्पष्ट व्हावी म्हणून ते नमुन्याची काटछाटही करीत. तथापि चित्रासोबत वनस्पतीचे नाव व विवर्धनाचे प्रमाण दिलेले असल्याने हरवलेले आकारमान वाचकास परत मिळते.

रचनेवर भिंगाचेही बंधन असते. ३५ मिमी फिल्मवर पान मूळ आकाराएवढे घेतल्यास एफ/१६ इतक्या लहान छिद्रानेही सुमारे २ मिलिमीटर खोलीचाच थर स्पष्ट उमटतो. त्यामुळे पानाचा कोणता भाग स्पष्ट राखावा, हा तांत्रिक नव्हे तर अर्थाचा निर्णय ठरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. तो मागून आल्यास शिरांचे जाळे उजळते, तिरपा आल्यास लव व खडबडीतपणा उठून दिसतो, आणि समोरून सपाट पडल्यास दोन्ही मंदावतात.

म्हणून समीक्षकाने आधी वर्णन करावे आणि मग मूल्य ठरवावे. मध्यशीर दृष्टीला कोठे नेते? पार्श्वभूमीतील एखादा उजळ ठिपका तिला मध्येच अडवितो काय? चौकटीने काय छेदले? पिंपळाच्या पानाचे लांब निमुळते टोक कापले गेले, तर पिंपळाची ओळखच पुसट होते. चित्राचा विषय केवळ शिरांची जाळी असेल, तर तोच छेद समर्थनीय ठरतो. अर्थात, गुण वा दोष हा छेदात नसून हेतूशी असलेल्या त्याच्या संबंधात असतो. तो संबंध दाखवून देणारी समीक्षाच छायाचित्रकाराला पुढील चित्रासाठी उपयोगी पडते.