सोबतीची खाट

वयात येणाऱ्या मुलाला मनोविकाराच्या वॉर्डात ॲडमिट करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण राहणार?’ आई कपडे आणायला घरी धावते, बाबा रजा मोजतात. बॅग आली की ती सिस्टरसमोर उपसायची. चार्जरची वायर बाहेर, पट्टा बाहेर, ओढणी बाहेर. सलवारीची नाडीसुद्धा ओढून काढतात, तेव्हा दुखणं किती खोल आहे ते घरच्यांना उमगतं.

सोबतीची ही खाट गरिबीतून आली, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात रुग्ण फार आणि माणसं कमी. डॉ. विद्या सागर यांनी नातेवाइकांसाठी आवारातच तंबू ठोकले. कुटुंब जवळ असलेले रुग्ण लवकर सुधारतात आणि घरचे त्यांना परत नेतात, हे तिथं दिसलं. वेल्लोरच्या मानसिक आरोग्य केंद्रात १९५७पासून घरचं माणूस सोबत राहणं ही रीतच पडली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम ८७नं अठराच्या आतल्यांसाठी ती सक्तीची केली. या मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही, ॲडमिट केल्याचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचं, मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळानं फेरतपासणी करायची.

वॉर्डातलं खरं काम रात्री चालतं. ‘झोपला होता हो,’ असं आई सकाळी सांगते. सिस्टरच्या वहीत मात्र असतं : दोन ते पाच, मध्ये दोनदा उठला. तीन तासांच्या झोपेवर मुलगा ताजातवाना, तोंडाची टकळी चालू, डोक्यात भव्य बेत, असं आठवडाभर चाललं तर डॉक्टरांचे कान टवकारतात. महिनाभर ज्याला सगळे डिप्रेशन म्हणत होते, ते कदाचित बायपोलर असेल. तसं असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं मूड उलट्या टोकाला उसळू शकतो. पाच मिनिटांच्या ओपीडीत हे कळणं अवघड. त्यासाठीच तर ॲडमिट करायचं. लिथियम सुरू केलं तर रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायचं, म्हणजे सकाळची गोळी त्यानंतरच. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी आधीच झालेली असते.

सोबतीची माणसंही साधी नसतात. ‘टायफॉइड झालाय,’ असं फोनवर काकूला कुजबुजणारी आई मुलाला पलीकडून ऐकू जाते. आजार लपवायचा असतो, हा धडा त्याला तिथंच मिळतो. कधी त्रासाचं मूळ घरातच असतं. पालक मुलाच्या हिताचं वागत नसेल तर मंडळ दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकतं. पण एक गोष्ट मला खटकते. मुलाजवळ पूर्ण वेळ माणूस हवं, हे कलम ८७ बजावून सांगतं. त्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीबद्दल चकार शब्द काढत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तीन आठवडे सोबत राहा म्हणणं म्हणजे तिला कामं सोडायला सांगणं. सरकारनं हा खर्च उचलायला हवा.

डिस्चार्जचा कागद हातात पडला की घर सुटकेचा श्वास सोडतं. जिवाला धोका मात्र घरी गेल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत फार असतो. म्हणून गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात ठेवाव्यात आणि आठवड्याच्या आत पुन्हा दाखवून यावं. मध्यरात्री घरात कुणाला काही सुचेनासं झालं तर सरकारी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आजच फ्रिजवर लिहून ठेवा.