दहा टनांतले शंभर मिलिग्रॅम

युरोपात ज्या कीडनाशकाला स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला एक सरसकट मर्यादा लागते: किलोला ०.०१ मिलिग्रॅम. नाशिक-सांगलीच्या निर्यातदार बागायतदारांना ‘एमआरएल’ (अवशेषांची कमाल मर्यादा) हा शब्द तोंडपाठ असतो, पण हा आकडा डोळ्यांपुढे आणणं अवघडच. म्हणून तो दहा टन द्राक्षांवर मांडून पाहू. एवढ्या मालात मिळून त्या रसायनाचे फक्त १०० मिलिग्रॅम चालतात. ग्रॅमचा दहावा भाग, आणि तोही लाखो मण्यांत विखुरलेला.

तो शोधायचा कसा? पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा आहे, निर्यातीच्या द्राक्षांसाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा. अशा ठिकाणी प्लॉटमधून आलेली द्राक्षं मिक्सरमध्ये फिरवतात, त्या लगद्यातले १० ग्रॅम तोलून घेतात आणि १० मिलिलिटर इथिल अॅसिटेटमध्ये जोरात हलवतात. कीडनाशकं त्या द्रावकात उतरतात. अर्क स्वच्छ करून शेवटी यंत्रात सोडायचा तो जेमतेम ५ मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचा दहावा हिस्सा. मर्यादेवर असलेल्या द्राक्षांच्या एवढ्या अर्कात कीडनाशक असतं ५० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

आता हेच दुसऱ्या बाजूने मोजू. ते कीडनाशक अॅसिफेट आहे असं धरलं, तर त्या ५० पिकोग्रॅममध्ये रेणू भरतात सुमारे १६ हजार कोटी. जगाच्या लोकसंख्येच्या वीस पट! जे तराजूला जाणवतसुद्धा नाही, ते मोजायला बसलं तर संपत नाही. शोधायला रेणू भरपूर आहेत, अडचण गर्दीची आहे. गोड झालेल्या किलोभर द्राक्षांत साखरच १७० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे त्या कीडनाशकाच्या १.७ कोटी पट. शिवाय आम्लं, रंगद्रव्यं, सालीवरचं मेण. यातलं बरंचसं अर्क करतानाच मागे राहतं, तरी उरलेलं कीडनाशकाला झाकायला पुरेसं असतं.

ही गर्दी पांगवण्याचं काम यंत्रातला कॉलम करतो. प्रयोगशाळांत नेहमी दिसणारा कॉलम म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीची, ४.६ मिलिमीटर पोकळीची पोलादी नळी. रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला जोडायचा कॉलम याहून बारीक असतो, पण हिशेबाची जात तीच. नळीत सिलिकाचे ५ मायक्रॉन व्यासाचे गोल कण दाबून भरलेले असतात. पोकळी अडीच मिलिलिटर, त्यातली सुमारे चाळीस टक्के जागा कणांमधल्या फटींची. उरलेल्या जागेत कण बसतात साधारण २,३०० कोटी. प्रत्येक कण सच्छिद्र असतो आणि एका ग्रॅम सिलिकाच्या आतल्या-बाहेरच्या भिंती पसरल्या तर ३०० चौरस मीटरपर्यंत भरतात. नळीत सिलिका दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४५० चौरस मीटर. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. अशी तीन मैदानं मांडूनही जागा उरेल, इतका पृष्ठभाग खिशातल्या पेनाएवढ्या नळीत मावतो.

त्या भिंतींवर अठरा कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या असतात, तेलासारख्या स्वभावाच्या. पंप पाणी आणि मिथेनॉल ढकलत असतो. पाण्यात रमणारा रेणू प्रवाहाबरोबर निघून जातो, तेलाशी जवळीक असलेला भिंतीपाशी रेंगाळतो. जाणं-थांबणं पुन्हा पुन्हा होत राहतं आणि दुसऱ्या टोकाला एकेक रसायन आपापल्या वेळी बाहेर पडतं, त्याचा टोकदार उंचवटा, म्हणजे ‘पीक’, पडद्यावर उमटतो.

पण कण इतके बारीक कशासाठी? या साऱ्या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा आकडा इथे आहे. द्रवातला लहान रेणू स्वतःहून, इकडेतिकडे भटकत, एक मिलिमीटर सरकायला आठ मिनिटांहून जास्त घेतो. तोच रेणू ५ मायक्रॉन सरकतो सेकंदाच्या बारा-तेरा हजारांश भागात. अंतर दोनशे पट कमी, वेळ चाळीस हजार पट कमी, कारण भटकंतीचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. कण मोठा असेल तर काही रेणू आत अडकून मागे पडतात, काही पुढे जातात आणि पीक फैलावतं. कण बारीक असेल तर सगळे जवळजवळ एकत्र येतात. १५ सेंटिमीटरच्या चांगल्या कॉलममध्ये सुमारे १५ हजार ‘प्लेट’, म्हणजे विलगीकरणाच्या कल्पित पायऱ्या, धरतात. म्हणजे दहाव्या मिनिटाला येणारं पीक अवघ्या वीस सेकंदांत आटोपतं.

बारीक कण आणि जास्त दाब हवा, हे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलं होतं. दोघं इंग्लंडात लोकरीतल्या अमिनो आम्लांवर काम करत होते, १९५२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सात मिखाइल त्स्वेतने खडूच्या भुकटीतून पानांतली रंगद्रव्यं वेगळी केली, तेव्हापासूनची ही वाट. पण तो दाब पेलणारी यंत्रं यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. कणाचा व्यास निम्मा केला की तोच वेग राखायला दाब चौपट लागतो. २००४ मध्ये १.७ मायक्रॉन कणांची यंत्रं बाजारात आली, तेव्हा पंप हजार वातावरणांच्या दाबापर्यंत पोचले. समुद्रात दहा किलोमीटर खोल गेल्यावर एवढा दाब असतो.

एवढं सामर्थ्य हाती असतानाही २०१० मध्ये घात झाला. त्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपल्याकडे त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावेत म्हणून खरड छाटणीनंतर ते फवारलं जाई. तेव्हा मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, दहा टनांत अर्धा ग्रॅम. आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. शेकडो कीडनाशकं एका फेरीत पाहणारी पद्धतही त्याला पकडू शकली नसती: हा रेणू विद्युतभारित, तो इथिल अॅसिटेटमध्ये उतरतच नाही आणि अठरा कार्बनच्या साखळ्यांपाशी थांबत नाही. अहवाल स्वच्छ होते, माल मात्र तिकडे अडकला. बागायतदारांचं आणि निर्यातदारांचं त्या वर्षी झालेलं नुकसान मोठं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांची चूक एवढीच की प्रचलित शिफारशीप्रमाणे त्यांनी बाग सांभाळली.

आता सीसीसीसाठी त्याच द्राक्षांचा दुसरा अर्क काढतात, मिथेनॉल आणि पाण्यात, आणि पाण्यात रमणारे रेणू थोपवणाऱ्या वेगळ्या जातीच्या कॉलममधून तो सोडतात. एकाच लगद्यातून दोन वाट्या, दोन वेगळ्या वाटांनी.