कापूर, भीमसेनी आणि डांबरगोळी : एका फळीवरील तीन वस्तू

औषधालयाच्या फळीसमोर उभा राहणारा ग्राहक अलीकडे किंमत विचारण्याआधी एक प्रश्न हटकून विचारतो, ‘हे नैसर्गिक आहे ना?’ प्रश्न रास्त आहे. तो लोकांच्या मनात रुजविण्यात आपल्या क्षेत्राचा वाटाही मोठा आहे. साबण, दंतमंजन, डासांची अगरबत्ती, कपाटातील गोळ्या अशा नित्याच्या वस्तूंकडे लोक चिकित्सक दृष्टीने पाहू लागले, हे इष्टच होय. परंतु या प्रश्नास ‘होय’ एवढे उत्तर दिले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत वैद्य व औषधविक्रेते या दोहोंत दिसते. ही समजूत किती अपुरी आहे, हे प्रत्येक मराठी घरात असणाऱ्या कापराच्या उदाहरणाने प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

तीव्र वासाच्या, पांढऱ्या आणि उघड्यावर ठेवल्यास हळूहळू उडून जाणाऱ्या तीन वस्तू आपल्या घरांत आढळतात. देवघरातील कापराची वडी, ‘भीमसेनी’ या नावाने महाग मिळणारे खडे आणि कपड्यांच्या ट्रंकेतील डांबरगोळी. सामान्य माणूस या तिन्हींना एकाच कुळातील मानतो. वास्तविक तिन्हींचे मूळ निराळे आहे आणि अपाय करण्याची रीतही निराळी आहे.

भावप्रकाश निघंटूत कर्पूरादि वर्गाचा आरंभच कर्पूराने होतो. तेथे पक्व आणि अपक्व असे दोन भेद सांगून अपक्व अधिक गुणवान मानला आहे. चीनक नावाच्या कापराचा उल्लेख तेथे स्वतंत्रपणे येतो. अपक्व म्हणजे झाडाच्या खोडातील फटींत आपोआप साचलेला, पक्व म्हणजे उष्णता देऊन काढलेला, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. हे वर्णन सुमात्रा व बोर्निओ येथील ड्रायोबॅलॅनॉप्स या उंच वृक्षास चांगले जुळते. या वृक्षाच्या खोडात बोर्निऑल या द्रव्याचे स्फटिक मिळतात. मलय भाषेत त्यास आजही ‘कापूर बारूस’ म्हणतात, कारण सुमात्रातील बारूस हे त्याच्या व्यापाराचे जुने बंदर होय. आपल्याकडील भीमसेनी कापूर म्हणजे मुळात हाच. चीन, तैवान व जपान या भागांतील कापूरवृक्ष त्याहून वेगळा. त्याच्या लाकडातून वाफेने काढलेले द्रव्य म्हणजे कॅम्फर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगाला कापूर मिळत असे तो मुख्यतः या वृक्षापासूनच.

आजच्या पूजेच्या वडीत बहुतांशी यांपैकी एकही वृक्ष नसतो. पाइन वृक्षांच्या राळेपासून टर्पेंटाइन काढतात, त्यातील पायनीन या घटकावर कारखान्यात प्रक्रिया करून कॅम्फर तयार करतात. ज्यास आपण कृत्रिम कापूर म्हणतो तो हाच. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. वृक्षातून आलेला कॅम्फर आणि कारखान्यातून आलेला कॅम्फर यांचे रासायनिक रूप एकच आहे. भेद एवढाच की वृक्षातील कॅम्फर ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवितो, कारखान्यातील बहुधा वळवीत नाही, कारण त्यात डाव्या व उजव्या रूपांचे मिश्रण असते. हा भेद पोलॅरिमीटरने कळतो, डोळ्यांनी किंवा नाकाने कळत नाही.

यास्तव बाजारात रूढ असलेली एक परीक्षा आपण सोडून द्यावी. ‘जळून मागे काही उरले नाही म्हणजे अस्सल’, असे अनेक विक्रेते ग्राहकास वडी पेटवून दाखवितात. मागे काही उरले तर भेसळ आहे एवढे या परीक्षेने कळते. शुद्ध कृत्रिम कापूरही मागे काही ठेवीत नाही. तसेच भीमसेनी म्हणून जे खडे विकले जातात ते बोर्निऑलच असतील असे नाही. साधा कॅम्फरही मोठ्या, पारदर्शक खड्यांच्या रूपात जमविता येतो, आणि कॅम्फरपासून कारखान्यात बोर्निऑलही तयार होते. अशा स्थितीत ‘नैसर्गिक’ हा शब्द ग्राहकास किमतीपलीकडे फारसे काही सांगत नाही.

आता अपायाविषयी. कॅम्फर पोटात गेल्यास त्याचा आघात मज्जासंस्थेवर होतो. मोठ्या माणसास थोड्या मात्रेने मळमळ व चक्कर एवढ्यावर निभावते. लहान मुलास मात्र काही मिनिटांतच, बहुधा दीड तासाच्या आत, कोणतीही पूर्वसूचना न देता झटके येऊ शकतात. सुमारे एक ग्रॅम कॅम्फर बालकाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अमेरिकेत पूर्वी २० टक्के कॅम्फर असलेले तेल छातीस चोळण्यासाठी घरोघरी असे. एका चहाच्या चमच्यात एक ग्रॅम कॅम्फर जात असे, आणि एरंडेल समजून ते मुलांना पाजले गेल्याचे प्रसंग वारंवार घडत. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील शासनाने ते तेल बंद केले आणि चोळण्याच्या औषधांत कॅम्फरचे प्रमाण ११ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. वृक्षातील कॅम्फर असो वा कारखान्यातील, हा अपाय दोहोंचा सारखाच.

आपल्या शास्त्रात कर्पूर हे रत्तीने मोजण्याचे द्रव्य आहे. एक रत्ती म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. प्रत्येक वैद्याने एकदा आपल्या दुकानातील पूजेची वडी काट्यावर ठेवून पाहावी आणि ती किती रत्ती भरते हे ध्यानात ठेवावे. रांगणारे मूल देवघरासमोरून ती वडी खडीसाखर समजून उचलते, तेव्हा ते किती मात्रा घेत आहे याची कल्पना मग वेगळी करून द्यावी लागत नाही.

तान्ह्या बाळाच्या नाकाखाली, छातीस किंवा टाळूस कापूर घातलेले तेल लावण्याची चाल अनेक घरांत आहे. दोन वर्षांखालील मुलाच्या नाकाशी कापूर अथवा पुदिन्याचे सत्त्व नेल्यास श्वासनलिकेचे तोंड आकसून श्वास क्षणभर अडू शकतो. कापूर, पुदिन्याचे सत्त्व व ओव्याचे सत्त्व एकत्र केल्यावर आपोआप पातळ होणारी अमृतधारा आपण सर्वजण देतो. ती देताना ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका’ असे तोंडाने सांगणारे किती आहेत? २०२१ साली करोनाच्या लाटेत कापूर, ओवा व लवंग यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असा संदेश घरोघर फिरला. त्यास कोणताही आधार नव्हता. कापराने नाक मोकळे झाल्याची जाणीव होते, प्राणवायूचे प्रमाण वाढत नाही. या प्रसंगी आपल्यापैकी काहींनी मौन पाळले, काहींनी पुरचुंड्या विकल्या. हे नमूद करणे सुखाचे नाही.

तिसरी वस्तू डांबरगोळी. ही नॅफ्थलीनची असते. नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळत असल्याने तिचे मराठी नाव अगदी यथार्थ आहे. घरात बाळ जन्मले की आजी ट्रंक उघडते. मऊ पडलेली दुपटी, कुंची, टोपडी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या बाहेर निघतात आणि बाळास त्यांत गुंडाळले जाते. मागील बाळंतपणापासून या कपड्यांत डांबरगोळ्या असतात. त्यांची वाफ कपड्यात मुरलेली असते. ती बाळाच्या श्वासावाटे शरीरात जाते आणि त्वचेवाटेही जाते. नॅफ्थलीन स्निग्ध पदार्थात सहज विरघळते. म्हणून अभ्यंग केलेल्या बाळाच्या त्वचेतून ते अधिक शोषले जाण्याचा संभव असतो. अभ्यंग सांगणारे आपणच आहोत. तेव्हा अभ्यंगानंतर बाळास कोणत्या कपड्यात गुंडाळणार, हे विचारणेही आपल्याकडेच येते.

शरीरात गेल्यावर नॅफ्थलीनपासून तयार होणारी द्रव्ये तांबड्या रक्तपेशी फोडतात. ज्या मुलांच्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे विकर जन्मतः उणे असते, त्यांत हा विध्वंस फार वेगाने होतो. ही उणीव मातेकडून मुलाकडे येते आणि मुलग्यांत अधिक दिसते. भारतात तिची पहिली नोंद १९६३ साली मुंबईच्या पारशी समाजातून झाली. पुढे अनेक आदिवासी व अन्य समाजांतही ती आढळली. त्याच १९६३ साली ग्रीसमधील बालरोगतज्ज्ञांनी नॅफ्थलीनच्या वासाने रक्तक्षय झालेल्या २१ नवजात बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या सर्वच बालकांत ही उणीव नव्हती, म्हणजे निरोगी विकर असलेले बाळही पूर्ण सुरक्षित नाही. रक्तपेशी फुटल्या की कावीळ वाढते, आणि नवजात बाळाची कावीळ मर्यादेपलीकडे गेली की मेंदूस कायमची इजा होते.

नवजात बाळाच्या काविळीसाठी आपल्याकडे लोक येतात. ‘कोवळे ऊन दाखवा’ एवढे सांगून त्यांस परत पाठविणे योग्य नव्हे. बिलिरुबिनची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे, आणि ट्रंकेतील कपडे व डांबरगोळ्या यांविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे. हा प्रश्न रुग्णालयातही पुष्कळदा राहून जातो. (प्रसंगाने सांगतो, अशा बाळाच्या तळहातास हौसेने मेंदी लावणेही टाळावे. मेंदीतील रंजकद्रव्यानेही या उणिवेच्या मुलांत रक्तपेशी फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि मेंदीइतकी नैसर्गिक वस्तू दुसरी कोणती?)

बेसिनमध्ये किंवा मुतारीत टाकावयाच्या सुगंधी वड्यांत नॅफ्थलीनऐवजी पॅराडायक्लोरोबेंझीन असू शकते. ते रक्तपेशींच्या दृष्टीने कमी घातक असले तरी निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या दोन्ही द्रव्यांस माणसात कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत गणले आहे.

वेष्टन नसलेला तुकडा समोर आला, तर तो कोणता हे ओळखण्याची एक सोपी रीत विषशास्त्रात सांगितली आहे. कोमट साध्या पाण्यात तुकडा टाकावा. कॅम्फर तरंगतो, डांबरगोळी बुडते. बुडालेला तुकडा मीठ विरघळेनासे होईपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात टाकावा. नॅफ्थलीन तरंगते, पॅराडायक्लोरोबेंझीन तेथेही बुडते. ही रीत प्रयोगशाळेचे काम करीत नाही, परंतु रात्री अकरा वाजता घाबरलेले आईबाप दारात उभे असता उपयोगी पडते. मात्र तिच्यासाठी मुलास रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.

डांबरगोळीस पर्याय विचारला जातो तेव्हा आपण चटकन कापराचे नाव घेतो. मोठ्यांच्या कपाटात, उंचावर, पुरचुंडीत बांधून कापूर ठेवण्यास हरकत नाही. बाळाच्या कपड्यांत तोही नको. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंब यांचा उपयोग जुना आहे, पण त्यांवर सर्व भिस्त ठेवू नये. कपडे धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हा खरा उपाय. लोकरीस कसर लागते ती मुख्यतः घाम व अन्नाचे डाग राहिल्याने. ज्या कपड्यांत डांबरगोळ्या होत्या ते बाळासाठी काढावयाचे असल्यास वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस वारा-ऊन द्यावे, मग धुवावे. नुसत्या पाण्याने नॅफ्थलीन निघत नाही.

औषधालयांच्या मालकांस एक विनंती. पूजेचा कापूर हा औषध म्हणून तयार होत नाही. त्यावर आयुर्वेदीय औषधाचा परवाना क्रमांक नसतो. असा कापूर आणि औषधी कर्पूर एकाच बरणीत, किंवा खडीसाखर व ओव्याच्या गोळ्यांशेजारी ठेवू नये. वैद्याच्या चिठ्ठीवर ‘कर्पूर’ लिहिलेले असता कोणता द्यावयाचा हे त्यासच विचारावे. वैद्यांनीही नुसते ‘कर्पूर’ न लिहिता प्रकार आणि मात्रा लिहावी.

मुलाने यांपैकी काहीही खाल्ल्याचे कळले तर वांती करवू नये, कारण कापराचा झटका वांतीच्या मधेच येऊ शकतो आणि ओकारी श्वासमार्गात जाते. दूध, तूप, तेल पाजू नये, स्निग्धामुळे शोषण वाढते. उरलेला तुकडा व वेष्टन घेऊन तत्काळ रुग्णालयात पाठवावे. कापराची लक्षणे काही तासांत उमटतात. डांबरगोळीची लक्षणे मात्र एक ते तीन दिवसांनी दिसू शकतात, म्हणून ‘मूल खेळते आहे’ यावर समाधान मानू नये. लघवी चहासारखी गडद होणे, चेहरा फिकट पडणे, डोळे पिवळे होणे यांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. विकराच्या उणिवेची तपासणी त्या दिवसांत सामान्य आली तरी ती सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करून घेण्यास सांगावे, कारण जुन्या पेशी फुटून गेल्यावर रक्तात उरलेल्या कोवळ्या पेशींत हे विकर पुरेसे असते आणि उणीव झाकली जाते.