एका अंगठीमागचे कोटी होन

राजघराण्याची अंगठी म्हटली की जग कॅरेट मोजायला बसतं. १९८१ साली डायनाच्या बोटात गेलेल्या साखरपुड्याच्या अंगठीत १२ कॅरेटचा नीलम होता, भोवती १४ हिरे. १२ कॅरेट म्हणजे वजनाला २.४ ग्रॅम. एवढ्याशा खड्यावर आजवर किती लिहिलं गेलं! माझ्या मनात घर करून राहिलेली अंगठी मात्र साखरपुड्याची नाही. तीही राजासाठीच आणली होती, आणि तिच्याबाबतीत मोजायचं ते खड्याच्या बाहेरचं.

६ जून १६७४, रायगड, सकाळी सात-आठचा सुमार. मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दरबारात दूर उभा राहून मुजरा करतो. त्याच्याबरोबरचा दुभाषी नारायण शेणवी नजर करायची हिऱ्याची अंगठी हात वर करून धरतो. नव्या छत्रपतींचं लक्ष जातं, ते दोघांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतात. ऑक्झिंडेनने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. सिंहासनापाशी त्याने आणखी काय पाहिलं? एका बाजूला मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटं आणि भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. तराजू न्यायाचं चिन्ह, हे त्याने लगेच ओळखलं. मासे आणि घोडे ही दरबारी मानचिन्हं तेव्हा मोगलांकडेही होती. पण दहा वर्षांपूर्वी मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातलेल्या राजाच्या उजव्या हाताला मासे असावेत, हे मला फार शोभून दिसतं.

आता खर्च. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत राज्याभिषेकाचा आकडा दिला आहे, १ कोटी ४२ लाख होन. सिंहासन ३२ मण सोन्याचं. सेकंदाला एक होन या वेगाने, न जेवता न झोपता, १ कोटी ४२ लाख होन मोजायला १६४ दिवस लागतील. ज्येष्ठात मोजायला बसलेला माणूस कार्तिकात उठेल. आणि राज्याभिषेकानंतर चारच महिन्यांनी मालवणच्या दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या वखारीतून अब्राहम ल फेबर हा डच व्यापारी लोकांत चाललेली बातमी कळवतो. या समारंभाला दीड लाख होन लागले, म्हणे. दीड लाख होन त्याच वेगाने दोन दिवसांच्या आत मोजून होतात. एकाच सोहळ्याचे हे दोन आकडे, आणि त्यांत जवळजवळ ९५ पटींचं अंतर!

माझा कल फेबरकडे आहे. व्यापाऱ्याचं पोट आकड्यांवर, आणि बातमी ताजी. पण म्हणून सभासदाला खोटं ठरवायला मी तयार नाही. त्याने बखर लिहिली वीस वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी, स्वराज्य जिवावरच्या संकटात असताना. तिथे बसून त्या दिवसाकडे पाहणाऱ्याला कोटीखालचा आकडा कसा पुरावा?

मालवणात सिंधुदुर्गाबद्दलही कोटीचीच भाषा आहे. किल्ल्याला एक कोटी होन लागले म्हणतात. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली, आणि तीन वर्षांत खडकांच्या ४८ एकर बेटाला सुमारे तीन किलोमीटरचा तट उभा राहिला, तीस फूट उंच, बारा फूट रुंद. पाया पक्का व्हावा म्हणून शिसं ओतलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं. तटावरच्या लहानशा घुमटीत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आहे. लोक वाकून बघतात आणि नकळत स्वतःचा पंजा उघडून बघतात.

इंग्रजांच्या कंपनीने ती अंगठी आणली ती या हातासाठी. हा किनारा ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी संबंध जोडल्यावाचून मुंबईचा व्यापार सुखाने चालणार नव्हता. मागण्यांची यादीही तयार होती. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई १०,००० होन ठरली. व्यापाराची बहुतेक कलमं मान्य झाली. अडलं ते फुटलेल्या जहाजांवर. वादळाने किनाऱ्याला लागलेलं जहाज आणि त्यातला माल मालकाला परत मिळावा, असं इंग्रजांचं म्हणणं होतं. मालवणच्या समोर पाण्याखाली किती खडक दडलेले आहेत, हे इथल्या होडीवाल्यांना विचारा, मग या कलमाची किंमत कळेल. उत्तर आलं की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना सवलत दिली तर उद्या फ्रेंच आणि डचही तीच मागतील.