पहिली इलेक्ट्रिक गिटार, नागपूरमार्गे

यवतमाळात इलेक्ट्रिक गिटार आधी ऐकू आली, मग दिसली, आणि विकत मिळायला तर फारच उशीर लागला. ऐकू आली ती सिनेमातून. 1971 साली ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंगांनी वाजवलेली, नंतर 1980 च्या ‘कर्ज’मध्ये गोरख शर्मांनी वाजवलेली. ही नावं तेव्हा इथं फारशी कुणाला ठाऊक नव्हती. ‘कर्ज’मधला गिटारचा तो तुकडा ऋषी कपूरनेच वाजवला असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला अजूनही भेटतात.

दिसली ती ऑर्केस्ट्रात. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, त्याची कीर्ती जिल्ह्याबाहेरही आहे. त्या नऊ दिवसांत आणि त्याआधी गणपतीत ऑर्केस्ट्रे यायचे. मध्ये गायक, एका बाजूला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, आणि पार कोपऱ्यात लाल चकचकीत गिटार गळ्यात अडकवून उभा असलेला एक गंभीर माणूस. तो लीड वाजवतोय की बेस, हे सतरंजीवर बसलेल्यांना कळत नसे. पण त्या गिटारीतून एक वायर निघते आणि मागच्या काळ्या डब्यात जाते, हे पोरांच्या नजरेतून सुटत नसे. घरी येऊन बॅडमिंटनच्या रॅकेटला सुतळी बांधणारी पोरं त्यातलीच.

1990 नंतर केबल टीव्ही आला आणि हौसेला तोंड फुटलं. मुंबईत 1984 साली सुरू झालेला ‘रॉक मशीन’ पुढे ‘इंडस क्रीड’ झाला होता. त्यात महेश तिनईकर हे मराठी नाव गिटारवर होतं, म्हणजे आपल्यातलाही कुणी ही वाजवू शकतो याचा तो पुरावाच. प्रश्न एकच होता, आणायची कुठून? इथल्या दुकानांत भजनी मंडळांना लागणारी पेटी, तबला, ढोलकी, टाळ मिळत. फार तर एखादी साधी गिटार भिंतीवर टांगलेली असे. इलेक्ट्रिकसाठी दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं, नाहीतर कुणी मुंबईला निघालं की त्याच्यामागे लागायचं. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज, 1865 पासूनचं दुकान. तिथून घेतलेली गिटार रेल्वेने धामणगावपर्यंत आणि पुढे एसटीने यवतमाळला यायची. टपावर टाकू देणार नाही म्हणून कंडक्टरशी हुज्जत आणि मांडीवर ते लांबलचक खोकं, हे त्या खरेदीतच धरलेलं असे.

पैसा यायचा तो कापसाचे चुकारे झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे. बापाला पटवायचं काम त्याच दिवसांत होई. “शिकून करशील काय?” या प्रश्नाला उत्तर नसायचं, आजही नसतं.

घेण्यासारखं होतं तरी काय? परदेशी गिटार म्हणजे आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या काकाची कृपा. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 ला उठले. तोवर सामान्य माणसाच्या हाताशी होत्या त्या देशी बनावटीच्या गिटारी, त्यातही कोलकात्याची गिव्हसन. तिचं अमेरिकेच्या गिब्सनशी नातं नावाच्या उच्चारापुरतं. पण लहान गावांतल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिली गिटार पडली ती तिच्यामुळे, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. त्या काळातल्या स्वस्त वाद्यांची एकूण अवस्था मात्र बेताचीच होती. तारा फ्रेटपासून इतक्या उंच की दाबताना बोटांना चर पडायचे, कान पिळले तरी सूर धरायचे नाहीत. ‘मला जमत नाही’ असं म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर ती गिटार जमू देत नव्हती.

विकत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कळायचं की गिटार हा निम्माच खर्च आहे, कारण ॲम्प्लिफायर घेतलेला नाही. मग जोडायची कशाला? मंडळाच्या आहुजाला. प्रवचनासाठी, बारशासाठी, निवडणुकीसाठी जो आहुजाचा ॲम्प्लिफायर आणि भोंगा असतो, त्यालाच. साध्या आवाजात एखादं गाणं वाजवलं तर निभावून जायचं. पण कुणी झूम 505 हा पायाने दाबायचा इफेक्टचा डबा पैदा केला आणि त्यातला डिस्टॉर्शन लावला, की अख्खी आळी बाहेर यायची. याचं कारण साधं आहे. गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा चिरका आवाज आपोआप गाळून टाकतो. भाषणासाठी बनवलेला भोंगा त्यातला बराचसा कानाजवळ आणून सोडतो. रॉक त्यातून निघत नसे, निघायचा तो पत्रा कापल्याचा आवाज.

आणि वीज. 2005 च्या पुढची सात-आठ वर्षं विदर्भाच्या ग्रामीण भागाने भारनियमनात काढली, तालुक्याच्या गावांनीही. पुसद, दिग्रस, घाटंजी, वणी, कुठेही विचारा. ‘इलेक्ट्रिक’ वाद्य वाजवायचं तर लाइट असलेल्या वेळेत, म्हणजे कधी पहाटे पाचला आणि कधी भरदुपारी. इन्व्हर्टर असलेल्या घरात वेगळाच छळ. स्वस्त इन्व्हर्टरची वीज नीट लहरीत येत नाही, चौकोनी येते, आणि गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे भाग, ती इमाने इतबारे पकडून ॲम्पमधून भुणभुण ऐकवतात. जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसायचा, त्यामुळे तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावले की झटका. सिंगल कॉइल आणि हंबकर या दोन प्रकारच्या पिकअपमधला फरक पुस्तकातून शिकायची गरज इथं पडली नाही. एक भुणभुणतो, दुसरा कमी भुणभुणतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास हंबकर बनवला तो नेमका ही भुणभुण मारण्यासाठी. यवतमाळसारख्या गावाला त्यांचे आभार मानायला हरकत नाही.

2008 साली ‘रॉक ऑन’ हा सिनेमा आला आणि हौसेचा पूर आला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका वर्षात बँड उगवले. चार जण, त्यातले तिघे गिटारवाले, चौथा ड्रम शोधतोय. मग 2013 मध्ये ॲमेझॉन भारतात आलं, 2016 मध्ये जिओने इंटरनेट स्वस्त केलं आणि गुरू शोधायची गरज निम्मी संपली. जस्टिन सँडरको हा ऑस्ट्रेलियाचा माणूस इंटरनेटवरून वणीतल्या, उमरखेडच्या पोरांना फुकट गिटार शिकवू लागला. खोकं नागपूरहून आणायला कुणी जायला नको, ते थेट पांढरकवड्यात दारात पोचू लागलं. जीएसटी आला तेव्हा, जुलै 2017 मध्ये, गिटारसारख्या वाद्यांवर 28 टक्के कर लागला होता, तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 18 वर आला.

लॉकडाऊनमध्ये, 2020 साली, जगभर गिटारी खपल्या. फेंडर कंपनीला तोपर्यंतच्या इतिहासात सर्वांत मोठी विक्री त्या वर्षी दिसली. त्याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी मात्र सांगत असत की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी जवळपास 90 टक्के लोक वर्षभरात ती सोडतात. यवतमाळात हा आकडा कुणी मोजला नसेल, पण लोहाऱ्याच्या एमआयडीसीत राहणाऱ्या माणसाला विचारा की दार्व्ह्याच्या, कपाटावर पडलेली एक तरी गिटार त्याच्या माहितीत असतेच.

तीस वर्षांत बदललं ते हे. वाद्य सुधारलं, भाव परवडण्यासारखा झाला, शिकवणी फुकट झाली. एक गोष्ट मात्र तिथेच राहिली. गिटार लावून देणारा, म्हणजे सेटअप करणारा माणूस अजूनही नागपूरलाच आहे. माझ्या मते इथल्या नवशिक्याने गिटार निवडायची ती या एकाच हिशोबाने. कुणी दुरुस्त करायला नसताना जी कमीत कमी बिघडेल, ती घ्यावी.

म्हणून व्हॅमी बारचा, म्हणजे ब्रिज हलवून सूर वरखाली करणाऱ्या दांड्याचा, मोह टाळावा. फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज (तारा अडकवायचा भाग) तर नकोच, एक तार तुटली की सहाही बेसूर होतात आणि ती बदलणं म्हणजे अर्धा दिवस. स्थिर ब्रिजची, टेलिकास्टर धाटणीची गिटार नवख्याला सोसते. यामाहा पॅसिफिका 012 ही चांगली सुरुवात आहे, पण तिला व्हॅमी आहे. तिच्या पाठीमागचं झाकण काढून स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळले की ब्रिज लाकडाला टेकून बसतो आणि कटकट संपते. कोर्ट, स्क्वायर, यामाहा यांच्या सुरुवातीच्या गिटारी आता पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतात, देशी नावांच्या त्याहून निम्म्यात. दहा हजारांच्या आतली घ्यायची असेल तर वाचलेल्या पैशांतले दीड-दोन हजार सेटअपसाठी बाजूला ठेवूनच घ्यावी. गिटार, ॲम्प, बॅग, केबल, बेल्ट असं सगळं एकाच खोक्यात देणाऱ्या ‘पॅकेज’मधला ॲम्प बहुधा शोभेचा असतो. त्यापेक्षा हेडफोनचा छोटा ॲम्प घ्यावा, शेजारीही सुखी.

आणखी एक, खास आपल्याकडचं. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, हवा कोरडी ठक्क. लाकूड आकसतं, पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, त्यामुळे तिची टोकं बाहेर येऊन तळहाताला बोचू लागतात. लोकांना वाटतं गिटार खराब निघाली. मग ती थंडाव्याला म्हणून कूलरसमोर ठेवतात, आणि तारांना गंज चढतो, मान फुगते. बॅगेत, आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, इतकं पुरे.

माझा स्वतःचा कल मात्र जुन्या गिटारीकडे आहे. ज्या 90 टक्क्यांनी सोडली त्यांच्या घरची. न वाजलेली, धूळ खाल्लेली, निम्म्या किमतीत. बघताना एक डोळा मिटून हेडकडून मान पाहावी, ती जवळजवळ सरळ हवी, किंचित आतला बाक चालतो, पीळ चालत नाही. 12 व्या फ्रेटवर तारेची उंची दोन मिलिमीटरच्या जवळपास असावी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून घ्यावी, मालक कंटाळला तरी. मग केबल लावून जॅक हलवावा. खरखर झाली तर दोनशे रुपये कमी करायला सांगावेत आणि गिटार उचलावी, कारण जॅकला सोल्डरिंग करून देणारा टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाला तेवढा यवतमाळात आहे.