चांगला जॉब रिजेक्ट का होतो? समजून घ्या 'जीडी अँड टी'

कारखान्यात तयार होणारा कोणताही भाग, म्हणजेच 'जॉब', ड्रॉइंगमधल्या मापाशी अगदी तंतोतंत जुळत नाही. थोडा फरक पडतोच. तो किती चालेल, याची मर्यादा म्हणजे टॉलरन्स. पण ही मर्यादा नीट लिहिली नाही, तर चांगले जॉब भंगारात जातात आणि त्यांच्यापेक्षा खराब जॉब पास होतात. हे टाळण्यासाठी जगभर 'जॉमेट्रिक डायमेन्शनिंग अँड टॉलरन्सिंग', थोडक्यात 'जीडी अँड टी' वापरतात.

गडबड नेमकी कुठे होते?

समजा, प्लेटच्या एका कडेपासून ५० मिमी आणि दुसऱ्या कडेपासून ३० मिमी अंतरावर होल पाडायचं आहे. दोन्ही मापांना अधिक-उणे ०.१ मिमी टॉलरन्स आहे. म्हणजे होलचं केंद्र ०.२ मिमी बाजू असलेल्या चौरसात कुठेही असलं तरी चालेल.

आता पहिल्या जॉबमध्ये होल दोन्ही दिशांना ०.१ मिमी सरकलं. तिरकं अंतर झालं सुमारे ०.१४ मिमी, तरी जॉब पास. दुसऱ्यात ते एकाच दिशेला ०.१२ मिमी सरकलं. हा जॉब रिजेक्ट! जास्त सरकलेला पास आणि कमी सरकलेला नापास. बोल्टला मात्र दिशेशी देणंघेणं नसतं. होल मूळ जागेपासून किती लांब गेलं, एवढंच महत्त्वाचं.

हे कुणाच्या लक्षात आलं?

स्कॉटलंडमधल्या अलेक्झांड्रिया इथे रॉयल टॉर्पेडो फॅक्टरी होती. तपासणीत नापास झालेले काही भाग जोडणीत मात्र व्यवस्थित बसतात, हे तिथले स्टॅन्ली पार्कर यांनी हेरलं. १९४० मध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांनी याविषयी मांडणी केली. चौरसाच्या कोपऱ्यातला जॉब चालत असेल, तर तेवढंच अंतर कोणत्याही दिशेला चालायला हवं. म्हणून चौरसाऐवजी वर्तुळ. आपल्या उदाहरणात या वर्तुळाचा व्यास ०.२८ मिमी येतो आणि त्याचं क्षेत्रफळ चौरसापेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त भरतं.

ड्रॉइंगवर हे कसं लिहितात?

एका आडव्या चौकटीत. पहिल्या कप्प्यात चिन्ह, दुसऱ्यात टॉलरन्स आणि पुढच्या कप्प्यांत 'डेटम'ची अक्षरं. डेटम म्हणजे माप जिथून घ्यायचं तो आधार. यासाठी अमेरिकेचं एएसएमई वाय १४.५, आंतरराष्ट्रीय आयएसओ ११०१ आणि भारताचं आयएस ८००० ही मानकं आहेत.

मग मोजायचं कसं?

व्हर्निअरने होलचा आकार कळतो, पण त्याची जागा बरोबर आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. आधी जॉब डेटमच्या क्रमाने टेकवावा लागतो. मग सरफेस प्लेट आणि हाइट गेजने दोन्ही दिशांचा फरक काढायचा. समजा, तो ०.०६ आणि ०.०८ मिमी आला. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.१० मिळतात. ही त्रिज्या झाली, त्यामुळे दुप्पट करायची. उत्तर ०.२० मिमी. मर्यादा ०.२८ ची आहे, म्हणून जॉब पास.

सीएमएम मशीन हे गणित स्वतःच करतं. पण त्याला डेटम चुकीचा दिला, तर तेही बिनचूक आकड्यांत चुकीचं उत्तर देतं.

शिकणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

एएसएमईच्या २०१८ च्या आवृत्तीत मुख्य चिन्हं १२ आहेत. ती पाठ करण्याआधी प्रत्येक चौकटीला तीन प्रश्न विचारायची सवय लावावी : कशावर मर्यादा आहे, किती आहे आणि ती कुठून मोजायची?

भोसरी किंवा चाकणमध्ये वाहन कंपन्यांसाठी जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी ही उत्तरं पैशांचीच असतात. रिजेक्ट झालेल्या लॉटमध्ये मटेरियल, मशीनचा वेळ आणि मजुरी असं सगळंच अडकतं. ड्रॉइंग नीट वाचता आलं, तर यातले किती जॉब खरोखर खराब आहेत, हे तरी ठामपणे सांगता येतं.